सरकारी वेळ आणि डचेस

लायल ब्रॉकहर्स्टने ऑक्टोबरपासून आपल्या घड्याळाचे काटे हलवलेले नव्हते. क्वीन्सलंड सरकारने तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, सगळी घड्याळं एक तास पुढे करायचा प्रयोग चालवला होता. हे कायमचं करायचं की नाही, यावर फेब्रुवारीत मतदान होतं. लायलच्या मते त्यात मत घेण्यासारखं काहीच नव्हतं. त्याच्या बहात्तर गाई सूर्याकडे बघून उठत होत्या आणि तो गाईंकडे बघून. त्याचं चावीचं एकच घड्याळ होतं. पहाटे उशाशी, मग गोठ्यात, दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत, असं ते दिवसभर त्याच्याबरोबर फिरायचं. रेडिओ सरकारी वेळ सांगतो म्हणून त्याने रेडिओ बंद करून ठेवला होता.

त्याची बायको व्हर्ना गावातल्या पोस्टात काम करायची. पोस्ट सरकारचं, तेव्हा वेळही सरकारची. ती सहाला जेवायला वाढायची तेव्हा लायलच्या घड्याळात पाच वाजलेले असायचे. तो त्याच्या सहाला हात धुऊन यायचा आणि गार बटाटे निमूटपणे खायचा. चार महिने असे गेले होते. व्हर्नाला मात्र ही नवी वेळ मनापासून आवडली होती. पाचला पोस्ट बंद झालं की टोमॅटोच्या वाफ्यात काम करायला तिला चांगला दोन तास उजेड मिळायचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, वॅरिनबा गावाच्या सभागृहात वाद ठेवला होता. विरोधात बोलायला बावीस जण तयार होते. त्यांनी लायलला पुढे केलं. बाजूने बोलायला कोणीच नव्हतं. शेवटी सभागृहाच्या चिटणीस थेल्मा पॉटिंजर पोस्टात येऊन बसल्या.

"व्हर्ना, तूच बोल. दोन्ही बाजूंनी कोणीतरी पाहिजे गं, नाहीतर त्याला वाद कसा म्हणायचा?"

"घरात रोज बोलतेच आहे. तिथे बोलायला काय झालं?" व्हर्ना म्हणाली.

लायलचा मुख्य मुद्दा तिला पाठ होता: गाईंना एक तासाचा फरक सोसत नाही. त्याला उत्तर म्हणून तिने पुरावाच तयार करायचं ठरवलं. आठवडाभर आधीच्या गुरुवारी ती दुपारच्या सुट्टीत घरी आली. लायल जेवून आडवा झाला होता. तिने खिडकीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. असं सहा दिवस केलं की गाई आणि लायल दोघंही नव्या वेळेवर येणार होते, आणि सभेत ती उभी राहून सांगणार होती की बघा, कोणाला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी लायल डुलकीतून उठला तो जांभया देतच. "हल्ली झोप पुरत नाही," तो म्हणाला. व्हर्नाने वय झाल्याचं सुचवलं.

शनिवारी दुधाचा टँकर आला तेव्हा लायल घड्याळ हातात घेऊन उभा होता.

"नेव्ह, आज वीस मिनिटं उशीर."

"नऊच्या ठोक्याला आलोय," टँकरवाला नेव्ह म्हणाला.

"तुमच्या नऊला माझे आठ वाजतात. आत्ता आठ वीस झालेत."

"मग तुझं घड्याळ बिघडलंय बाबा."

"हे घड्याळ माझ्या वडिलांशीही कधी खोटं बोललं नाही. तुमची सरकारी वेळच आता घसरायला लागलीय, दुसरं काय."

रविवारी पहाटे गाई फाटकाशी नव्हत्या. रोज लायल यायच्या आत त्या रांगेत उभ्या असायच्या, सगळ्यांत पुढे डचेस. आज त्याला विजेरी घेऊन कुरणाच्या पार टोकाला जावं लागलं. डचेस खुशाल बसली होती. अवेळी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवला. सोमवारीही तेच झालं. दूधही थोडं कमी भरलं. लायलने गुरांच्या डॉक्टरला, ओवेन प्रिडोला, बोलावून घेतलं.

ओवेनने ताप पाहिला, पोट तपासलं, डोळे पाहिले. "मला काही सापडत नाही," तो म्हणाला. "खातात ना नीट?"

"खातात. पण उठत नाहीत. त्यांच्यात जीवच नाही."

ओवेनने रक्ताचे नमुने घेतले आणि कागदावर 'निरीक्षणाखाली' असं लिहून दिलं. हे एकदा लिहिलं गेल्यावर पुढचं ओघानेच आलं. मंगळवारी नेव्हने टँकर फाटकाबाहेरच थांबवला. "डेअरीवाले म्हणतात, तपासणीचा निकाल येईपर्यंत तुझं दूध घ्यायचं नाही. माझ्या हातात काही नाही, लायल."

त्या दुपारी व्हर्नाने शेवटची दहा मिनिटं पुढे केली ती जड हाताने. तिने विचार केला, आता थांबून काय उपयोग, एकदाचं पूर्ण होऊन जाऊ दे. संध्याकाळी ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच दोघं एका वेळी टेबलाशी बसले. लायलने बटाट्याचा घास घेतला आणि थांबला.

"गरम आहेत," तो म्हणाला.

"हो."

"बरे लागतात." गाईंच्या एवढ्या आजारपणातही त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बुधवारी व्हर्ना जेवायला घरी आली तेव्हा तो गोठ्यामागच्या चरात दूध ओतत होता. सकाळचं सगळं दूध पांढरं पाणी होऊन उतारावरून चाललं होतं. लायल नळी धरून मागचं सिमेंट धूत होता. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"लायल, ऐक ना. ते घड्याळ..."

"घड्याळाचं नाव काढू नकोस. हे सगळं त्या सरकारी वेळेनेच झालंय. मी गाईंना सांगितलं नाही, तरी कुठूनतरी त्यांना लागलंच. परवा सभेत सांगतो सगळ्यांना."

व्हर्नाचं धाडस तिथेच संपलं. गुरुवारी तो झोपलेला असताना तिने घड्याळ एकदम एक तास मागे केलं आणि सुटकेचा श्वास सोडला. गाई कालपासून आपण होऊन नव्या वेळेला फाटकाशी यायला लागल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. लायलने ते कोणाला सांगितलं नव्हतं. आजारी जनावर मधेच उठून उभं राहतं, त्याने हुरळून जायचं नसतं, असं त्याचं मत होतं.

त्यामुळे शुक्रवारी पहाटे लायल गाढ झोपेत असताना बहात्तर गाई फाटकाशी येऊन हंबरायला लागल्या. तासभर हंबरत होत्या. डचेसने फाटकाची वरची फळी तोडली.

"आता आजार डोक्यात गेलाय त्यांच्या," नाश्त्याला लायल म्हणाला. "सुरुवात डचेसपासून झाली. सोमवारी तिला खाटकाकडे पाठवतो. नऊ वर्षं झाली, पण बाकीच्या तरी वाचतील."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. लायल बोलायला उठला. त्याने लिहून आणलेला कागद खिशातच राहू दिला. गाई कशा उठेनाशा झाल्या, दूध कसं ओतून द्यावं लागलं, बुधवारी त्या मधेच कशा आपण होऊन फाटकाशी आल्या, डचेसने फळी कशी तोडली, हे त्याने साधेपणाने सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोन शेतकऱ्यांनी टोप्या काढल्या. ओवेन प्रिडो जमिनीकडे बघत होता.

मग थेल्माबाईंनी व्हर्नाचं नाव घेतलं. व्हर्ना उभी राहिली. तिच्या कागदावर सिडनीशी वेळ जुळली की वाढणाऱ्या व्यापाराचा मुद्दा होता, विजेच्या बचतीचा होता, मुलांच्या खेळाचा होता.

"गाईंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी लायलचं घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे करत होते. सहा दिवस. मग काल एक तास मागे केलं. डचेसला कुठे पाठवू नका."

मग मागून हसण्याचा लोट आला तो पार पुढच्या खुर्च्यांपर्यंत. ओवेन प्रिडो सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

थेल्माबाईंना नियमाने निकाल द्यायचा होता. "म्हणजे गाईंना फरक कळतो, असं धरायचं ना?"

"कळतो," एक जण म्हणाला.

"पण सरावल्या की पाच दिवसांत," दुसरा म्हणाला.

"मग मुद्दा कोणाचा?"

ते ठरेना, तेव्हा त्यांनी चहा आणायला सांगितला.

घरी जाताना लायल गाडी चालवत होता. पूल ओलांडल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

"पाच दिवसांत?" त्याने विचारलं.

"बुधवारी आल्याच ना त्या आपण होऊन. मोज तूच."

"हं," लायल म्हणाला.

शनिवारी दोघांनी सभागृहात जाऊन मत दिलं. व्हर्नाने पेन्सिल हातात घेतली आणि तिला चरातून वाहणारं दूध दिसलं, नळी धरलेला लायल दिसला. टोमॅटोंना काय, सकाळीही पाणी घालता येतं. तिने 'नाही'समोर खूण केली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. लायलला शेजारच्या आडोशात बराच वेळ लागला.

प्रयोग राज्यभर फेटाळला गेला. सोमवारी थेल्माबाई पोस्टात आल्या. आपल्या केंद्राची मोजणी त्यांनीच केली होती.

"एकशे शहाऐंशी नाही, आणि एक हो," त्या म्हणाल्या. "मत गुप्त असतं, तेव्हा मी काही विचारत नाही, व्हर्ना. पण तू शब्दाला जागलीस. एकटी असलीस तरी."

रांगेतल्या लोकांनी व्हर्नाकडे कौतुकाने बघितलं. तिने एका पार्सलचं वजन दोनदा केलं.

संध्याकाळी तिने बटाटे वाढले. लायल समोर बसला होता.

"थेल्मा आली होती," ती म्हणाली. "आपल्याकडे 'हो'चं एक मत पडलंय म्हणे."

लायलचा काटा वाटेत थांबला. "एकच?"

"एकच."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तीही त्याच्याकडे बघत होती. मग त्याने बटाटा तोंडात टाकला आणि शांतपणे चावून गिळला.

"थेल्माचं गणित शाळेपासूनच कच्चं," तो म्हणाला.