सगळ्याच अध्यक्ष

२००८ सालची गोष्ट. पोहण्याच्या क्लबात साठी उलटलेल्या बायकांचा पहिला वर्ग पार पडला आणि प्रमाणपत्रांच्या ऐन तोंडावर चिटणीसबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. प्रमाणपत्रांवर नावं नेहमी त्याच लिहीत.

"आई, मी प्रोग्रॅम लिहिते," त्यांची सून म्हणाली. "तो यादीतलं एकेक नाव उचलून जागेवर बसवेल. तुम्ही फक्त अंतर मोजून द्या."

"नाव आहे का पाहुणा, बसवायला? आणि नीट कर हं. अध्यक्षांना माझ्या जागी त्यांची मेहुणी आणायचीच आहे. निमित्त मिळायला नको."

सासूबाईंनी डाव्या हाताने पट्टी धरून कागदाच्या कडेपासून अंतर मोजलं. प्रोग्रॅमने तेच अंतर वरचा समास सोडून मोजलं. छापील कागद मोजकेच, म्हणून आधी कोऱ्या कागदावर नमुना काढला. कोऱ्या कागदावर नाव कुठेही सुबकच दिसतं.

समारंभाच्या सकाळी क्लबात सगळी प्रमाणपत्रं छापून झाली आणि सुनेने वरचा कागद उचलून पाहिला.

"आई, नावाची रेघ रिकामी राहिलीय."

"मग नाव गेलं कुठे?"

"खालच्या रेघेवर. अध्यक्षांच्या सहीच्या."

"सगळ्यांचं?"

"प्रोग्रॅम आहे, आई. भेदभाव करत नाही."

कागद संपले होते, मंडळी जमली होती. अध्यक्ष पेनाचं टोपण काढूनच आले.

"सही कुठे करू?"

"साहेब, जागा... भरलीय," चिटणीसबाई म्हणाल्या.

अध्यक्ष लालबुंद झाले. "चिटणीसबाई, हे तुमचं शेवटचं..."

तेवढ्यात वर्गातल्या डुबकीआजींनी टेबलावरून आपलं प्रमाणपत्र उचललं. पाण्यात गेल्या की दुसऱ्या टोकालाच वर येत, म्हणून हे नाव. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं. आधी स्वतःचं नाव, मग त्याखाली छापलेलं 'अध्यक्ष'.

"अगंबाई! मग माझा पहिला हुकूम. उद्यापासून तलावाचं पाणी कोमट!"

"माझापण!" दुसरी आपला कागद नाचवत म्हणाली. "आणि चिटणीसबाई हलायच्या नाहीत!"

वर्गातले सगळे हात वर गेले.

"अहो, पण अध्यक्ष मी आहे!"

"असं? कागद दाखवा," डुबकीआजी म्हणाल्या.

पाणी कोमट झालं. अध्यक्ष रोज त्यात डुंबत, ही कल्पना आपलीच म्हणून सांगू लागले. मेहुणीने वर्गात नाव घातलं. चिटणीसबाई हौस फिटेपर्यंत चिटणीस राहिल्या. डुबकीआजी नव्वदी ओलांडून गेल्या. त्यांचं प्रमाणपत्र नातसुनेने अजून भिंतीवरून उतरवलेलं नाही. सुनेला मात्र प्रोग्रॅम कधीच दुरुस्त करता आला नाही. दरवर्षीच्या नव्या वर्गाने तो करूच दिला नाही.