‘उचलू नको’चे सात मिस्ड कॉल

तुळशीराम घरतांच्या स्मार्टफोनमध्ये त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं नाव ‘उचलू नको’ असं होतं.

हे नाव त्यांनी स्वतः टाकलेलं नव्हतं. फोनवर टाइप करणं त्यांच्या बोटांना जमत नसे, एका ठोशात तीन अक्षरं उमटायची. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०१३ साली, पनवेलला उरण नाक्याजवळच्या मुश्ताकच्या दुकानात त्यांनी हा फोन घेतला, तेव्हा जुन्या फोनमधले नंबर मुश्ताकच एकेक करून नव्यात भरत होता.

"शेठ, काशिरामशेठच्या नंबरला नाव काय देऊ?"

"त्याचा आला तर उचलायचाच नाय."

"मग नंबर ठेवायचा कशाला? उडवतो."

"उडवू नको! त्याचा हाय, ह्या समजायला नको? समजला तरच उचलणार नाय ना!"

मुश्ताकने मुकाट्याने ‘उचलू नको’ असं लिहिलं आणि पुढच्या नंबराला लागला. गिऱ्हाइकाच्या घरगुती भांडणात पडायचं नाही हा त्याचा नियम होता. दुसरा नियम असा, की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकाच कंपनीचा फोन, एकाच मरून रंगाचं कव्हर आणि कुलूप उघडायला एकच खूण द्यायची: बोट वरून खाली आणि मग उजवीकडे. वेगळी खूण दिली, की शेठ लोक ती विसरून आठवड्याला तीनदा दुकानात यायचे.

दोन भावांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. कारण म्हणाल, तर तुळशीरामशेठच्या बंगल्याच्या वास्तुशांतीची पत्रिका. निमंत्रकांच्या यादीत आधी दोन मेव्हणे, मग साडू, मग चक्क बंगल्याचा कंत्राटदार आणि त्याच्या खाली, पाचव्या नंबरावर, सख्खा भाऊ. काशिराम पत्रिका हातात घेऊन आला, "मी पाचवा?" एवढंच म्हणाला आणि न जेवता गेला. नावं घाईघाईत छापखान्याला फोनवरून सांगितली होती, एवढं साधं स्पष्टीकरण होतं. पण ते द्यायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि घरतांच्या घरात चूक कबूल करायची पद्धत नव्हती.

आणि आता समीक्षाची हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. समीक्षा ही तुळशीरामशेठची एकुलती एक लेक, लहानपणी काशिकाकाच्या पाण्याच्या टँकरवर बसून गावभर हिंडलेली.

"बाबा, पत्रिका पाठवून चालणार नाही," तिने बजावलं. "तुम्ही स्वतः काकांना फोन करा. काका आले नाहीत तर मी पाटावर बसणार नाही. हळद वाटीतच सुकू दे."

"मी मोठा हाय. त्यानं करावा पैला फोन."

"लग्न त्यांच्या पोरीचं आहे का?"

तुळशीरामशेठनी ‘स्क्रीनची काच बदलायचीय’ असं पुटपुटत गाडी काढली आणि पनवेल गाठलं.

दुकानात पाऊल टाकतात तर काउंटरपाशी काशिराम उभा! त्याचाही फोन काचेसाठीच आला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. एकाने तोंड कळंबोलीकडे फिरवलं, दुसऱ्याने पळस्प्याकडे. मुश्ताकने दोन्ही फोनना काचा बसवल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा, शेठ, आणि हा..."

पण ऐकतोय कोण? दोघांनी मान वळवलेलीच ठेवून, न बघता हात पुढे केला, हाताला लागला तो फोन उचलला आणि तरातरा दोन दिशांना निघून गेले.

"या अल्ला!" मुश्ताक म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुळशीरामशेठ घरी पोचतात तोवर फोन वाजला. "शेठ, धनेश बोलतोय. पळस्प्याला टँकरचा टायर फुटलाय. शाळेत पानी पोचवायचाय, काय करू?"

"कनचा टँकर?"

"तुमचाच की! बरा हाय ना, शेठ?"

तुळशीरामशेठनी फोन उलटा केला, सुलटा केला. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा काशिरामचा फोन! म्हणजे त्यांचा फोन काशिरामकडे. मंडपवाला, आचारी, बँजोवाले, हळदीचे सगळे फोन आता काशिरामला जाणार. ‘हळद रद्द’ एवढे दोन शब्द तो बोलला, की आठशे माणसं उपाशी.

आधी त्यांनी काशिरामच्या ड्रायव्हरला, धनेशला, ओळखीच्या टायरवाल्याचा पत्ता दिला, कारण शाळेतली पोरं तहानलेली राहून चालणार नव्हती. मग स्वतःचा नंबर आठवेना म्हणून त्यांनी नावांची यादी उघडली. अगदी वर, पहिल्या नंबरावर, नाव होतं ‘अ दादा’. शेजारी त्यांचाच फोटो, वास्तुशांतीच्या दिवशीचा, फेटा बांधलेला. नावाआधीचा तो ‘अ’ त्यांना टायपिंगची चूक वाटला. पण फोटो त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिला. त्यांनी बटण दाबलं.

रिंग वाजत राहिली. आणि तेव्हा त्यांना आठवलं, की तिकडे काशिरामच्या डोळ्यांसमोर आत्ता कोणतं नाव चमकत असेल.

"मेलो!" ते मटकन सोफ्यावर बसले.

काशिरामने फोन उचलला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा केला, तरी नाही. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली. "रंभा, तुझ्या फोनवरून कर."

पहिल्याच रिंगला उचलला गेला! रंभाबाई पदर सावरत आतल्या खोलीत गेल्या आणि दहा मिनिटं हसून बोलून बाहेर आल्या.

"काय बोलला?"

"बोलले, आचाऱ्याला तांदूळ वाढवायला सांगितलाय, आठशेत भागनार नाय. मंडपाला पानी कमी पडंल म्हनून दोन टँकर लावलेत. बँजोवाले टाइम बदलत व्हते, त्यांना चांगला दम दिलाय."

"आनि माझा फोन का नाय उचलत तो?"

"ता तुमी दोगं बगा," म्हणून त्या मसाल्याचं वाटप वाटायला निघून गेल्या.

तुळशीरामशेठना रात्रभर झोप नाही. ज्याला आपण पाचव्या नंबरावर बसवलं, तो आपल्या घरचं कार्य फोनवरून एकटा ओढतोय, आणि त्याने आपण त्याला दिलेलं असलं नाव वाचलंय! त्यांना मनापासून लाज वाटली. सकाळी चहाआधी एक, चहानंतर एक, असे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचे सात फोन झाले.

हळदीची वेळ झाली. बायका गाणी म्हणून थकल्या, वाट्या भरल्या, पण पाट रिकामा. समीक्षा पिवळी साडी नेसून दारातच उभी.

"काका कुठे आहेत, बाबा?"

"मी फोन केला!" सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं तुळशीरामशेठ ओरडले. "एक नाय, सात केले! चूक माजी व्हती, सात वेळा सांगनार व्हतो. उचलतच नाय तो, तं मी काय करू?"

घरतांच्या तोंडून चूक कबूल झालेली गावाने पहिल्यांदाच ऐकली होती.

"उचलनार कसा?" मंडपाच्या दारातून आवाज आला.

पांढरा शर्ट घालून काशिराम उभा होता. हातातला मरून फोन त्याने वर धरला. स्क्रीनवर ओळीने सात मिस्ड कॉल होते: ‘उचलू नको’, ‘उचलू नको’, ‘उचलू नको’...

"दादा, तूच लिव्हून ठेवलायस. मोठ्या भावाचा शब्द मी कदी मोडलाय काय?"

आधी समीक्षा हसली, मग रंभाबाई, मग सगळा मंडप. तुळशीरामशेठही हसायला गेले, पण डोळे पुसायची वेळ आली. त्यांनी भावाला जवळ ओढलं. समीक्षा धावत जाऊन पाटावर बसली, आणि पहिली हळद काकाने लावली.

लग्न पार पडल्यावर सोमवारी दोघे भाऊ एकाच गाडीतून मुश्ताकच्या दुकानात आले. मुश्ताकने हातातलं काम टाकून त्यांना स्टूल दिले.

"नाव बदलायचाय," तुळशीरामशेठ म्हणाले. "आनि याच्या फोनमधला माजा नाव पन सुदार. फुकटचा ‘अ’ पडलाय पुढं."

"फुकटचा नाही, शेठ. फोन घेतला त्याच दिवशी काशिरामशेठनी मुद्दाम लावून घेतला होता. ‘अ’ लावला की नाव यादीत सगळ्यांच्या वर जातं. ‘दादाचं नाव पहिल्या नंबरावर पाहिजे’ बोलले."

काशिराम रस्त्यावरच्या रिक्षा मोजत बसला. तुळशीरामशेठनी आपला फोन मुश्ताकपुढे सरकवला.

"मुश्ताक," ते म्हणाले, "माज्यात काशिरामला दोन ‘अ’ लाव."

"दोन?" काशिराम वळला. "मंग माज्यात दादाला तीन!"

"मी मोठा हाय! माज्यात चार लाव रे!"

"तौबा, शेठ!" मुश्ताकने दोन्ही फोन काउंटरवरून उचलून घट्ट छातीशी धरले. "आत्ता कुठे मिटलंय. आता ह्याच्यावरून नवीन नका सुरू करू!"