वासोंगाने वाकवलेला रस्ता

सरकारचा रस्ता मी वाकवून दाखवतो, असं वासोंगाने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं. किसुमू शहराहून येणारा नवा डांबरी रस्ता नकाशाप्रमाणे सरळ त्याच्या आंब्याच्या तीन झाडांवरून जायचा होता. झाडं बापाने लावलेली. पोटच्या पोरांपेक्षा तुझा जीव त्या झाडांवर जास्त, असं बायको अपोंडी भांडणात ऐकवायची.

युक्ती साधी होती. थडगं दिसलं की रस्तेवाले बिचकतात. मेलेला माणूस हलवायचा म्हणजे बुजुर्गांची परवानगी, विधी, रुसवेफुगवे, महिनाभराची कटकट. त्यापेक्षा रस्ता चार हात सरकवलेला परवडतो. आई पंधरा दिवस लेकीकडे गेली होती. तेवढ्यात वासोंगाने झाडांखाली मातीचा लांबट ढीग रचला आणि डोक्याशी सिमेंटचा क्रूस रोवला. आई परतायच्या आत सगळं सपाट करू, असा बेत!

इंजिनियर मुतिसो मोजणीला आला. भला माणूस. त्याने आधी टोपी काढली, मग वही काढली.

"कोण हो हे?"

एवढा विचार वासोंगाने केलाच नव्हता! तोंडाला आलं ते नाव त्याने सांगितलं, आणि तोंडाला आलं धाकट्या भावाचं, ओगुतुचं. ओगुतु अठरा वर्षांपूर्वी मोंबासाच्या बंदरावर कामाला गेला तो गेलाच. ना निरोप, ना पत्ता. गेला त्याच वर्षी वारला, गुपचूप इथे आणून पुरला, माती तेवढी आता चढवली, असं वासोंगाने दडपून दिलं. वाईट वाटल्यासारखं दिसावं म्हणून वासोंगाने मान खाली घातली. खरं सांगायचं तर थोडं वाटलंही.

नकाशावर रस्ता वाकला. पण मुतिसोने रीतीप्रमाणे ते नाव गावच्या मुखियाला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भाऊबंद रडत अंगणात हजर! रडून झाल्यावर भांडायला बसले. सख्खा भाऊ परस्पर पुरलास? आम्हाला ना सांगावा, ना घास?

"मयताच्या जेवणाला बैल कापल्याशिवाय मी इथून उठणार नाही," चुलता ओमोलो म्हणाला आणि त्याने बसायला खुर्ची मागवली.

खरं सांगायची सोय नव्हती, कारण सांत्वनाला आलेला मुतिसो पहिल्याच रांगेत बसला होता. बैल गेला. नांगराचा होता, एकुलता एक. चार दिवस गाव जेवलं. मक्याच्या पिठाची उगाली घोटून घोटून अपोंडीचे खांदे भरून आले, तरी ती नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी दुपारी आई आली. बातमी तिला वाटेत, गाडीतच कळली होती. ती थेट झाडांखाली गेली आणि मातीवर हात ठेवून बसली.

लोक पांगल्यावर वासोंगा तिच्यापाशी गेला आणि त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं. झाडांसाठी केलं, आत कोणी नाही, मी शेण खाल्लं गं आई.

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस," ती म्हणाली. "अठरा वर्षं एकट्याने पोटात ठेवलंस रे."

डांबर पडलं. रस्ता झाडांना वळसा घालून ऐटीत गेला. आंबे लागले, पण वासोंगाला एकही गोड लागेना. रस्त्यावर गाडी थांबली की आई पूर्वी हातातलं काम सोडून मान वर करायची. आता करत नव्हती. ते बघून तो झाडांकडे पाठ करून बसायचा. गेली असती मेली तीन झाडं, तर काय आभाळ कोसळणार होतं?

शेवटी एका सकाळी त्याने आईला झाडांखाली आणलं, क्रूस उपटला आणि खणायला सुरुवात केली. गुडघ्याएवढं खणलं, कमरेएवढं खणलं, छातीएवढं खणलं. घामाने निथळत त्याने वर बघितलं.

"बघ आई. कोणी नाही. ओगुतु असेल कुठेतरी मजेत."

आईने वाकून रिकाम्या खड्ड्यात बघितलं. मग तिने लेकाचा मातीने भरलेला हात घट्ट धरला.

"कुठे नेऊन टाकलंस रे त्याला?"