धूमकेतू स्मरण मंडळ, सोलापूर

जी वस्तू खपते ती घरात जाते, जुनी होते आणि भंगारात निघते. जी खपत नाही तीच माणसाच्या काळजात राहते. आमचा 'धूमकेतू' त्याला साक्षी आहे.

टीव्हीला जोडायचे हे व्हिडिओ गेमचे यंत्र वीसेक वर्षांपूर्वी नवी पेठेत आरिफभाईंच्या दुकानात आले. 'आधी खेळून बघा, मग घ्या,' हा त्यांचा शिरस्ता. सबंध पेठेने खेळून बघितले. मधल्या सुट्टीत बघितले, ट्यूशन बुडवून बघितले (काहींनी बारावी नापास होईपर्यंत बघितले). 'घ्या'पर्यंत मात्र कुणी पोहोचले नाही. पुढे कंपनी बुडाली.

त्याच बघणाऱ्यांचे आज हे मंडळ आहे. आमच्या पाहणीनुसार शंभर टक्के सभासदांचे बालपण धूमकेतूने घडवले. (यंत्र विकत घेतलेल्यांची टक्केवारी काढायला आधी तसा एक सभासद मिळावा लागेल.) दर वर्धापनदिनी आम्ही त्याचे गुण आठवून डोळे पुसतो. डावे बटण अडकायचे, चित्र हिरवे दिसायचे, आणि तिसरा राक्षस मेला की यंत्रच बंद पडायचे. आता असे राक्षस कुठे राहिलेत?

यंदा आरिफभाई स्वतः आले. दुकान डबघाईला आले होते. माळ्यावर मात्र धूमकेतूचे सीलबंद खोके तसेच होते.

"एवढी माया हाय तर एकेक घेऊन जावा की," ते म्हणाले. "दुकान तरंल माझं."

सभा गंभीर झाली. अध्यक्ष शिवशरण उठले. "आरिफभाई, सगळे खोके खपले तर धूमकेतू चालला म्हणायचा. मग आमी हळहळायचं कशावर? तुमीच सांगा."

मुद्दा बिनतोड होता. यंत्र कुणीही विकत घेऊ नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अर्थात मंडळ निर्दय नाही. एक खोका फोडून सर्वांनी पुन्हा खेळून बघितले. अडकलेले डावे बटण कसे सोडवायचे ते आरिफभाई प्रत्येकाला दाखवत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून आम्ही पडद्याकडे बघत होतो.

पुढच्याच महिन्यात दुकान बंद झाले. त्याच संध्याकाळी 'आरिफभाईंचे दुकान स्मरण मंडळ' स्थापन झाले. सभासदत्व सर्वांना खुले आहे. अट एवढीच, की दुकान चालू असताना तिथून काही घेतलेले नसावे.

हे वाचून आपल्यालाही सभासद व्हावेसे वाटले असेल, तर अर्ज करायची गरज नाही. आपल्या गल्लीतले ते एक दुकान अजून उघडे आहे ना, जिथे आपण नुसते बघून येता? आपली नोंदणी तिथेच झाली आहे.