आहेरातली लाल रिंग

म्हसावदमध्ये लग्न कुणाचंही असो, सुकलालआप्पा आहेरात कुकरची रिंग देतात. लाल, सिलिकॉनची. वर नवरदेवाला भर मांडवात दम: "बाजूथीन वाफ निंघनी का लगेच बदल. बायको सांगी याची वाट दखू नको!" मांडव हसतो.

आप्पा आमचे शेजारी. पत्नी गेल्यापासून एकटेच. पंपदुरुस्तीत आयुष्य गेलं. आमच्याकडे आले की आधी ओट्याशी जातात, कुकरची रिंग काढतात, वाकवतात, दाताखाली धरतात.

"वहिनी, हाई काळं रबर तेलमा टिकस. वाफमा कडक व्हई जास."

"आप्पा, पहिले जेवाले बठा," आई म्हणते. "रिंग काय पळी जाई का?"

मीही हसायचे. मग आईनं एकदा सगळं सांगितलं.

आमच्या गावात रबर फाटलं की ट्रॅक्टरची जुनी ट्यूब काढायची, कात्रीनं गोल कापायची आणि बसवायची. पंपाला, नळाला, कुकरलासुद्धा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; लेकी माहेरी येतात, झोके घेतात. अशाच एका आखाजीला आप्पांची लेक सुनंदा धानोऱ्याहून माहेरी आली होती. कुकरची रिंग फाटलेली. आप्पांनी हौसेनं ट्यूब कापून दिली. तापल्यावर ती मऊ पडली, एका बाजूनं बाहेर आली आणि वाफेचा झोत सुनंदाच्या तोंडावर बसला. उजवा डोळा गेला.

गाव म्हणालं, नशीब. या शब्दाची मला चीड आहे. मिळेल त्या रबरावर भागवायचं सगळ्यांनी आणि भाजायचं चुलीशी उभी असलेल्या बाईनं, याला नशीब म्हणत नाहीत. आप्पाही म्हणत नाहीत.

सुनंदा बापाला एका शब्दानं बोलली नाही. फक्त पुन्हा माहेरी आली नाही.

यंदा आखाजीला आप्पांना जेवायला बोलवायला गेले. दारच्या निंबाला झोका बांधलेला, दोर नवाकोरा. आत आप्पा उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवत बसलेले. डाळ शिजायचं नाव घेत नव्हती.

"आप्पा, कुकर कोठे शे?"

"घरमा ठेवतच नही, बेटा."

गावभर रिंगा वाटणारा माणूस! मला हसू येणार होतं.

आप्पांनी डाळीत पाणी ओतलं. दाराबाहेर, रस्त्याकडे पाहिलं.

"सुनंदा माहेरले उनी नि शिट्टी वाजनी, तं घाबरी जाई ना पोर."