उजव्या पायाची शिस्त

१९५९ सालच्या फेब्रुवारीत मालवा विमानचालन मंडळाचं पिवळं दोन आसनी विमान इंदूरच्या धावपट्टीवर उतरताना डावीकडे वळलं आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झोळीच्या खांबाला धडकलं. आत एकटी इंदुमती होती. मंडळाची पहिली विद्यार्थिनी, मिलमधल्या हेडक्लार्कची मुलगी. तिच्या भुवईला तीन टाके पडले, खांब आडवा झाला. खांब सरकारी असल्यामुळे मंडळाने आधी त्याची विचारपूस केली.

डाव्या चाकाचा ब्रेक आपोआप धरतो, असं इंदुमतीने लिहून दिलं. मिस्त्री नानांनी हे तीन आठवड्यांपूर्वीच वहीत नोंदवलं होतं. पण राज्य नवं असलं तरी फॉर्म जुने होते, आणि त्यात कारणांचे चारच रकाने होते. यंत्रदोष लिहिला तर सचिव अप्पासाहेबांना भोपाळला खुलासा द्यावा लागे. धावपट्टी लिहिली तर बांधकाम खात्याशी वैर. हवामान लिहावं तर त्या दिवशी वाराच नव्हता. उरला चौथा रकाना, वैमानिकाची चूक. त्याला फक्त वैमानिकाची सही पुरे.

"आमचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते," अप्पासाहेब म्हणाले. "त्यांच्या दप्तरात घोडा एकदाही चुकलेला नाही. पडले ते स्वारच. गलती मानून टाक बेटा, पुढच्या महिन्यात लायसन्स हातात."

"पण चूक माझी नाहीये."

"तुझी आहे असं कोण म्हणतंय? फक्त लिहायचंय."

तिने सही केली नाही. तिचं उड्डाण बंद झालं. घरी वडील म्हणाले, "मी मिलमध्ये रोज पन्नास सह्या करतो. वाचत बसलो असतो तर तुला शिकवलं असतं का?" त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र सायकल काढून हँगरवर गेली आणि नानांच्या हाताखाली इंजिन पुसू लागली.

यंत्रदोषाचा रकाना कोराच राहिला, म्हणून ब्रेकमध्ये दोष नाही असं चौकशीत सिद्ध झालं; त्यामुळे तो दुरुस्त करणं आता नियमबाह्य ठरलं. पुढच्या आठवड्यात शरद नावाचा विद्यार्थी डावीकडे गेला. त्याने सही केली. मागोमाग आणखी दोघे गेले, त्यांनीही केली. मग खुद्द मुख्य शिक्षक कृष्णराव डावीकडे गेले. मुख्य शिक्षकाची चूक होऊ शकत नसल्याने ती मागच्या सीटवर बसलेल्या विद्यार्थ्याच्या नावे लागली.

कृष्णरावांनी यावर उपाय शोधला. चाकं जमिनीला टेकताच उजवा पाय, म्हणजे उजव्या चाकाचा ब्रेक, पूर्ण ताकदीने दाबायचा. तसं परिपत्रक निघालं. सहा महिन्यांत सगळे सरळ उतरू लागले आणि अहवालात 'प्रशिक्षणाचा दर्जा उंचावला' अशी नोंद झाली.

डिसेंबरात नवं विमान आलं. त्याचे दोन्ही ब्रेक ठीक होते. दिल्लीहून अधिकारी आले, मांडव पडला, आम्ही इंदूरकर पोराबाळांसह बघायला गेलो. शरद छान उतरला, उजवा पाय दाबला आणि थेट उजवीकडच्या हरभऱ्याच्या शेतात शिरला. विमान ढकलत परत आणलं. दुसरा विद्यार्थीही तिथेच गेला. मग कृष्णराव स्वतः बसले आणि मांडवाची दोरी तोडून चहाच्या टेबलापाशी थांबले.

"और कोई है?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एक आहे साहेब," नाना म्हणाले. "पण तिला परिपत्रक लागू झालं नाही."

दहा महिन्यांनी इंदुमती विमानात बसली. तिने जवळच्या टेकडीवरून एक फेरी मारली, खाली आली आणि सरळ रेषेत उतरून थांबली. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, पण अप्पासाहेब वाजवत नव्हते, म्हणून खाली घेतले.

चौकशी समिती तिथेच बसली. निष्कर्ष असा: नवं विमान उजवीकडे ओढतं, सबब त्याचा डावा ब्रेक आवळून घ्यावा. आणि इंदुमतीने उतरताना उजवा पाय दाबला नाही, ही वैमानिकाची चूक.

अप्पासाहेबांनी फॉर्म पुढे केला. इंदुमतीने तो दोनदा वाचला.

"ही चूक मात्र माझीच आहे," ती म्हणाली आणि पूर्ण नावाने सही केली.

नियमाप्रमाणे पुढच्या महिन्यात तिला लायसन्स मिळालं. त्याच आठवड्यात तिने इंदूर सोडलं.

सही झाली त्या दिवशी टांग्यातून राजवाड्याकडे परतताना शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चला भिया, शेवटी पोरगी सुधारली."

टांग्यात आम्ही सहा जण होतो. सहाही जणांनी मान डोलावली.