मुलाच्या आईचा मान

सौदीतल्या अल खोबरच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट एकदा दोन म्हाताऱ्यांमुळे बंद पडली. त्यातली एक मी. दुसऱ्या माझ्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, मालनबाई. दार उघडलं की त्या हात पुढे करून म्हणणार, "आधी तुम्ही, विहीणबाई." मी म्हणणार, "अहो, चला की!" तेवढ्यात दार बंद. पुन्हा बटण, पुन्हा दार, पुन्हा "आधी तुम्ही". सहाव्या-सातव्या खेपेला दारानंच मान टाकली. खालचा मलबारी राखणदार धापा टाकत वर आला नि हात जोडून म्हणाला, "माताजी, कोई भी एक जाओ, खलास!"

लिफ्टचं एक सोडा. चहाचा पहिला कप माझा. गाडीत पुढची सीट माझी. माझ्या ताटात पोळी पडल्याशिवाय ह्यांचा घास तोंडात जायचा नाही. का? तर मी मुलाची आई! पोरांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ह्या बाई अजून मांडवातच उभ्या.

बरं, बाई लेच्यापेच्या नव्हेत. कऱ्हाडकडच्या, हाताला भारी गुण. स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं तर पाना घेऊन स्वतः खाली बसल्या, घाण काढली, पाणी सोडून बघितलं. संध्याकाळी माझा मुलगा घरी आला तर त्याला सांगतात, "विहीणबाईंनी सुचवलं म्हणून जमलं हो." मी तर दुपारभर झोपले होते!

आम्ही दोघी इथं लेकरांकडे व्हिजिट व्हिसावर आलो होतो. त्यातच मुलानं आठ दिवस ग्रीसच्या एका बेटावर जायचं काढलं. पांढरी घरं, निळा समुद्र, आणि आमच्या मागे लागलेली विघ्नं. पहिल्याच दिवशी बॅगेचं हँडल तुटलं. मालनबाईंनी परकराची नाडी वळून नवं केलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं छत्री उडवली ती थेट एका जाड्या गृहस्थाच्या पोटावर. तिसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीची किल्ली वाळूत हरवली.

मुलगा कपाळाला हात लावून बसला. सून चिडली. मालनबाई उठल्या, चढण चढून खोलीवर गेल्या आणि तिथली शेवया निथळायची चाळणी घेऊन आल्या. पदर कमरेला खोचला, वाळूवर बोटानं चौकोन आखले आणि एकेक चौकोन चाळायला लागल्या, जसे काही गहूच. अर्ध्या कपड्यांत ऊन खात पडलेली माणसं उठून बघायला लागली. पाचव्या चौकोनात किल्ली वाजली! टाळ्या पडल्या. आणि ह्या बाईनं काय करावं? माझा दंड धरून मला पुढे ओढलं नि त्या गोऱ्यांना मराठीत सांगितलं, "ह्यांची आयडिया, ह्यांची."

मला काय झालं होतं, आज सांगते. मला ते आवडायचं. वरवर मी "कशाला हो" म्हणायचे, पण आतून बरं वाटायचं. मुलाची आई असण्याची चव म्हातारपणी आणखीच लागते.

रोज आम्ही किनाऱ्यावर जायचो. रोज मालनबाई ओल्या वाळूपर्यंत जायच्या, थांबायच्या, वळून विचारायच्या, "उतरायचं का पाण्यात, विहीणबाई?"

मी म्हणायचे, "ह्या वयात? माझे गुडघे! आणि लोक काय म्हणतील?"

"मग राहू दे. तुम्ही नाही तर मी कशी?"

येऊन माझ्याशेजारी बसायच्या. पण नजर पाण्यावर. नात पोहत असायची, तिला इथून सूचना, "ईशा, पाय ताठ! हनुवटी वर धर! श्वास बाजूनं घे!" एकदा मी म्हटलं, "मालनबाई, आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला शिकवू नये." त्या हसल्या. "खरंय," म्हणाल्या.

आठ दिवस संपले.

खोबरला परतल्यावर चार दिवसांनी मालनबाई भारतात निघाल्या. दुपारी त्यांची बॅग भरायला मी बसले, तर साड्यांच्या खाली एक पोहण्याचा पोशाख. काळा, पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, इथल्या बायका घालतात तसला. दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

"हा कुणाचा गं?" मी सुनेला विचारलं.

"आईचा. इथूनच घेतला, जायच्या आधी. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"मग घातला का नाही?"

ईशा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, उनको तो रिव्हर क्रॉस करना आता था. शादी के बाद किसी ने जाने नहीं दिया. फिफ्टी इयर्स!"

मी ती घडी तशीच परत ठेवली. मालनबाई आत विमानासाठी दशम्या बांधत होत्या. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. रात्री विमान गेलं.

त्या थंडीत मालनबाई कऱ्हाडला अंगणात पडल्या. खुब्यात सळई घातली. आता वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत. डॉक्टरांनी पाण्याचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलंय.

मी यंदा पुन्हा इथं आले. परवाच्या शुक्रवारी सगळे किनाऱ्यावर गेलो. मी चपला काढल्या आणि सलवारीसकट पाण्यात शिरले. मुलगा "आई, आई!" करत धावला. गुडघ्यापर्यंत जाऊन उभी राहिले. बाहेर आले आणि ओल्या अंगानंच कऱ्हाडला फोन लावला.

"मालनबाई, मी आज समुद्रात उतरले होते."

पलीकडून, "गार होतं का हो पाणी?"

"नाही, कोमट."

"कुठवर गेलात?"

"गुडघ्यापर्यंत. पुढे भीती वाटली. मला पोहता येत नाही ना."

"ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रोज विचारत होते. मी धरलं असतं की तुम्हाला."